सराउंड सिस्टिमसाठी अ‍ॅम्प्लिफायर जुळवताना: टॉवरला वेगळा अ‍ॅम्प, बाकीच्यांना रिसीव्हर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कशाला धरून आहेत ते कळेल. हॉल १८ बाय १२ फुटांचा, बसायची जागा समोरच्या स्पीकरपासून १० फुटांवर. समोर ४ ओहमचे टॉवर (उंच उभे स्पीकर), सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८७ डेसिबल. सेंटर ८ ओहम, ९० डेसिबल. सराउंड ८ ओहम, ८६ डेसिबल, सोफ्यापासून ६ फुटांवर. सबवूफरमध्ये त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प. हे सगळं ९५ वॅटच्या ७.२ रिसीव्हरवर (सात स्पीकर आणि दोन सबवूफर सांभाळणाऱ्या) चालतं आणि त्याला सर्व चॅनेलचे प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी सॉकेट, आहेत. आवाज उणे १० पर्यंत नेला की टॉवर कर्कश होतात, कधीकधी रिसीव्हर बंदच पडतो. दुकानदार म्हणतो की पाचही चॅनेलना एकाच कंपनीचा, एकसारखा पाच चॅनेलचा पॉवर अ‍ॅम्प घेतल्याशिवाय आवाज जुळणार नाही. घरात वडिलांच्या काळातला ६० वॅटचा स्टिरिओ इंटिग्रेटेड अ‍ॅम्प पडून आहे. तो टॉवरना लावून सेंटर आणि सराउंड रिसीव्हरवरच ठेवले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. गाव तालुक्याचं, संध्याकाळी व्होल्टेज पडतं, हेही तुम्ही लिहिलंय आणि ते बरं केलंत.

चालेल. पाच चॅनेलचा अ‍ॅम्प घेण्याची गरज मला दिसत नाही. जुना अ‍ॅम्प तब्येतीने ठीक निघाला तर नवीन काहीच न घेता तुमचं काम होईल. तो ठीक नसेल तर फक्त टॉवरसाठी दोन चॅनेलचा एक चांगला पॉवर अ‍ॅम्प घ्या.

सगळं एकसारखं हवं, हा नियम स्पीकरच्या बाबतीत खरा आहे. डावा, मधला आणि उजवा हे तीन स्पीकर एकाच मालिकेतले हवेत. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेली आणि मध्ये सेंटरपाशी तिच्या इंजिनाचा पोत बदलला, की तो फरक अगदी अप्रशिक्षित कानालाही कळतो. तोच नियम दुकानात अ‍ॅम्प्लिफायरलाही लावला जातो आणि तिथे तो टिकत नाही. नीट बनवलेला कुठलाही ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेत चालत असेल तर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत त्याचा प्रतिसाद जवळजवळ सपाट असतो. तुमच्या दोन टॉवरमध्ये आणि भिंतींमुळे जे चढउतार होतात, ते याच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यामुळे टॉवरवर एक कंपनी आणि सेंटरवर दुसरी, किंवा एकीकडे क्लास एबी आणि दुसरीकडे क्लास डी (अ‍ॅम्प बांधण्याच्या दोन पद्धती), याने समोरचा पट तुटत नाही.

याला एक खरा अपवाद आहे: काचेच्या नळ्यांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स जसा वरखाली होतो तसा आवाजाचा तोलही वरखाली होतो. टॉवर व्हॉल्व्हवर आणि सेंटर रिसीव्हरवर ठेवला तर आवाजाचा रंग खरोखर वेगळा ऐकू येऊ शकतो. तुमचा जुना अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा आहे, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

आता वॅट. तुमच्या टॉवरची ८७ डेसिबल ही सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला दिलेली आहे. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट. म्हणून तुमचे टॉवर प्रत्यक्षात दर वॅटला ८४ डेसिबलचे आहेत. सेंटर ९० चा आहे. हा ६ डेसिबलचा फरक म्हणजे चौपट शक्ती, आणि तुमच्या तक्रारीचं मूळ बरंचसं इथेच आहे.

चित्रपटगृहाच्या रेफरन्स पातळीत मुख्य चॅनेलचं शिखर १०५ डेसिबलचं धरलेलं असतं. नीट कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे माइकने मोजून जुळवलेल्या, रिसीव्हरवर आवाज ० वर ठेवला म्हणजे ती पातळी. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं सहसा उणे २० च्या आसपास बघतात, तुम्ही उणे १० वर बघता. म्हणजे तुमच्या खुर्चीपाशी शिखर ९५ डेसिबलचं. १० फुटांवर, म्हणजे ३ मीटरवर, मोकळ्या जागेच्या हिशोबाने साडेनऊ डेसिबल घटतात. ९५ अधिक ९.५ उणे ८४ म्हणजे २०.५ डेसिबल, म्हणजे सुमारे ११२ वॅट, तेही ४ ओहमवर. बंद खोलीत भिंतींवरून थोडा आवाज परत मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात गरज याच्या निम्म्यावर येऊ शकते. त्या निम्म्या गरजेला तुमचा ६० वॅटचा जुना अ‍ॅम्प पुरतो. पण नवीन घ्यायचा तर मी हिशोब ११२ वरच ठेवतो, तेवढी राखीव शक्ती असलेली बरी.

हाच हिशोब सेंटरला लावला तर २८ वॅट येतात. सराउंड जवळ आहेत, त्यांना २६ च्या आसपास पुरतात. पाच चॅनेलपैकी तिघांना तीस वॅटसुद्धा लागत नाहीत, आणि त्यांच्यासाठी दीडशे-दोनशे वॅटचे चॅनेल विकत घ्यायला सांगितलं जातंय. शक्ती दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ९५ वॅटवरून १२० वॅटवर गेलं तर वाढतो १ डेसिबल. त्यासाठी कुणी पैसे घालू नयेत.

तुमच्या रिसीव्हरचे ९५ वॅट खोटे नाहीत, पण ते कोणत्या अटींवर दिलेत ते वाचायला हवं. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती ०.०८ टक्के’ असं लिहिलं असेल तर आकडा भरवशाचा आहे. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, विकृती १० टक्के’ या अटीवर तोच रिसीव्हर दीडशेच्या वर वॅट दाखवू शकतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा हा दुसरा असतो. ज्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरवरचे पीएमपीओचे (क्षणभराच्या शिखराचे फुगवलेले) हजार-हजार वॅट पाहिलेत त्यांना ही तऱ्हा नवी वाटणार नाही. शिवाय दोन चॅनेलच्या अटीवरचे ९५ वॅट सातही चॅनेलना एकाच वेळी मिळत नाहीत, कारण सगळे एकाच ट्रान्सफॉर्मरवर जगतात. एका टाकीवरचे सात नळ एकदम सोडले की प्रत्येकाची धार बारीक होते, तसंच. चित्रपटात सगळे चॅनेल एकदम शिखरावर क्वचितच जातात, म्हणून एरवी हे खपून जातं. मात्र ४ ओहमचे दोन टॉवर त्याच पुरवठ्यातून दुप्पट करंट ओढायला लागले की रिसीव्हर आधी कर्कश होतो आणि मग स्वतःला वाचवायला बंद पडतो. तुमच्याकडे हेच होतंय.

काही विकत घेण्याआधी किंवा जोडण्याआधी फुकटातला उपाय करून बघा. सेटअपमध्ये टॉवर ‘लार्ज’ वर असतील तर ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. टॉवर उंचापुरा आहे म्हणून त्याला लार्ज म्हणावंसं वाटतं, पण या सेटिंगचा उंचीशी संबंध नाही. ८० हर्ट्झच्या खालचा बास सबवूफरकडे गेला की रिसीव्हरवरचं सर्वांत जड ओझं उतरतं, कारण मोठे स्फोट आणि ढोलांचे ठोके तिथेच करंट खातात. काही घरांत एवढ्यावरच तक्रार मिटते. मागे किंवा मेन्यूमध्ये ‘४ ओहम’ अशी निवड असेल तर तिला हात लावू नका. ती बहुतेक रिसीव्हरमध्ये आतले व्होल्टेज कमी करून उष्णता आटोक्यात ठेवते. शक्ती त्यामुळे घटते आणि क्लिपिंग, म्हणजे शिखरं कापली जाऊन आवाज फाटणं, लवकर येतं.

एवढं करूनही टॉवर ओरडत असतील तर बाहेरचा अ‍ॅम्प. आता जुळवण्याचा खरा मुद्दा येतो, तो म्हणजे गेन, अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा. रिसीव्हर सगळ्या चॅनेलचा आवाज एकत्र वरखाली करतो आणि बाहेरच्या अ‍ॅम्पने तो ठरावीक पटीने वाढवायचा असतो. ही पट सर्व चॅनेलना एकच असायची गरज नाही. कॅलिब्रेशन करताना माइक प्रत्येक स्पीकर मोजतो आणि कमी-जास्त भरून काढतो. बहुतेक रिसीव्हरमध्ये ही दुरुस्ती अधिक-उणे १० किंवा १२ डेसिबलपर्यंत करता येते. गरज एवढीच की पट कायम राहिली पाहिजे. आज २० आणि उद्या २५ असं झालं तर कॅलिब्रेशनला अर्थ उरत नाही.

आकड्यांत सांगतो. चित्रपटांच्या आवाजाची मानकं ठरवणाऱ्या टीएचएक्सने पॉवर अ‍ॅम्पसाठी २९ डेसिबल गेन प्रमाण मानला. म्हणजे आत १ व्होल्ट दिला की बाहेर सुमारे २८ व्होल्ट, आणि ८ ओहमवर ते १०० वॅट होतात. गेन २३ डेसिबल असेल तर त्याच १०० वॅटसाठी प्री-आउटमधून २ व्होल्ट यावे लागतात, आणि कित्येक रिसीव्हरचे प्री-आउट तिथपर्यंत पोचताना स्वतःच विकृत व्हायला लागतात. अशा वेळी अ‍ॅम्प दोनशे वॅटचा असूनही आवाज फाटतो आणि दोष अ‍ॅम्पला दिला जातो. उलट बाजूला गेन खूप जास्त असेल तर चित्रपटातल्या शांत जागी ट्वीटरमधून ‘स्स्स’ अशी सतत फुसफुस ऐकू येते. तुमच्या टॉवरना ११२ वॅटसाठी २१ व्होल्ट लागतात, म्हणजे २९ डेसिबलच्या अ‍ॅम्पला पाऊण व्होल्ट पुरतो. अ‍ॅम्प घेताना वॅटच्या शेजारी गेन किंवा इनपुट सेन्सिटिव्हिटीचा आकडा जरूर बघा. दुकानात तो कुणी आपणहून सांगत नाही.

तुमच्या जुन्या अ‍ॅम्पचा गुंता इथेच आहे. इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला स्वतःचा व्हॉल्यूम नॉब असतो. प्री-आउटची वायर ‘ऑक्स’ मध्ये घातली तर दोन व्हॉल्यूम एकामागे एक येतात. आधी मागची बाजू नीट बघा. त्या काळातल्या अनेक अ‍ॅम्पवर ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ अशा सॉकेटच्या जोड्या असतात आणि त्या इंग्रजी यू आकाराच्या छोट्या धातूच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. तशा असतील तर तुमचं काम सोपं झालं. अ‍ॅम्पचा प्लग काढून पट्ट्या काढा आणि रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटची वायर ‘मेन इन’ मध्ये घाला. आता नॉब, टोन, लाउडनेस सगळं बाजूला पडलं आणि तो निव्वळ पॉवर अ‍ॅम्प झाला. पट्ट्या जपून ठेवा, पुन्हा लागतील.

‘मेन इन’ नसेल तर ‘ऑक्स’ वापरावा लागेल. ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्टमध्ये पूर्ण शक्ती देण्याची क्षमता असते, म्हणून नॉब बराच खाली ठेवावा लागतो. बास-ट्रेबल मधोमध ठेवा, लाउडनेस बंद करा, नॉब घड्याळातल्या दहाच्या जागी आणा आणि कॅलिब्रेशन चालवा. मग फ्रंटची दुरुस्ती किती आली ते बघा. ती सेंटरच्या दुरुस्तीच्या चार-पाच डेसिबलच्या आत असेल तर ठीक. उणे १२ ला टेकली असेल तर नॉब आणखी खाली, अधिक १२ ला गेली असेल तर वर, आणि पुन्हा कॅलिब्रेशन. जागा ठरली की तिथे बारीक खूण करा आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. धूळ पुसताना नॉब फिरला तर समोरचा तोल बिघडेल. कुणी त्याच नॉबवर थेट दुसरं काही लावलं तर स्पीकरही जाऊ शकतो.

त्याआधी या अ‍ॅम्पची तपासणी हवीच. पंचवीस-तीस वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. स्पीकर न जोडता, इनपुटला काही न लावता अ‍ॅम्प पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. शंभराच्या वर असेल तर दुरुस्तीशिवाय टॉवर जोडू नका. मागे स्पीकर टर्मिनलपाशी काय छापलंय तेही वाचा. पुष्कळदा ‘ए किंवा बी: किमान ४ ओहम, ए आणि बी: किमान ८ ओहम’ असं असतं. तुम्ही फक्त ‘ए’ वापरा आणि ‘बी’ बंद ठेवा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत करायची नाही. गाण्यांसाठी जुना अ‍ॅम्प आणि चित्रपटांसाठी रिसीव्हर, म्हणून दोघांच्या स्पीकर वायर एकाच टॉवरला जोडून ठेवणं. एक बंद असला तरी दुसऱ्याचा करंट त्याच्या आउटपुटमध्ये घुसतो, आणि चुकून दोन्ही चालू झाले तर दोन्ही जळतात. टॉवरला जोडलेला अ‍ॅम्प कायम एकच असावा. गाणीही रिसीव्हरच्या प्री-आउटमधूनच त्याच्याकडे जाऊ द्या. तसंच कुणी ‘अ‍ॅम्प ब्रिज करा, दुप्पटच्या वर वॅट मिळतील’ असं सुचवलं तर ऐकू नका. ब्रिज केल्यावर प्रत्येक अर्ध्या भागाला स्पीकर निम्म्या ओहमचा दिसतो. तुमचे ४ ओहमचे टॉवर त्याला २ ओहमचे वाटतील, आणि घरगुती अ‍ॅम्प ते सोसत नाहीत.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष करू नका. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतले व्होल्ट मेन्सच्या प्रमाणात पडतात आणि शक्ती त्याच्या वर्गाने. २३० चे १९० झाले तर १०० वॅटच्या अ‍ॅम्पचे ६८ उरतात. तुमची तक्रार संध्याकाळी जास्त जाणवत असेल तर हे कारण त्यात आहेच. सर्वो स्टॅबिलायझर हा चांगला उपाय. नवीन अ‍ॅम्प घेणार असाल तर रेग्युलेटेड एसएमपीएस (आतले व्होल्टेज स्थिर ठेवणारा वीजपुरवठा) असलेला क्लास डी घ्या, तो १९० वरही आपली शक्ती टिकवतो. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर मात्र जुना अ‍ॅम्प चालवू नका. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि गरम होतो.

दोन वेगळी उपकरणं जोडली की ‘हूं’ असा आवाज येण्याची शक्यता असते. रिसीव्हर, अ‍ॅम्प आणि सबवूफर एकाच बोर्डवरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून घ्या. तरी हम आला तर आधी केबल टीव्हीची किंवा डिशची कोएक्स वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. पुष्कळ वेळा ती काढताच शांतता होते. तसं असेल तर त्या वायरमध्ये कोएक्सचा आयसोलेटर बसवा. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यांना ते करू देऊ नका. धातूच्या डब्यात कधी करंट उतरला तर वाचवणारी तीच एक वायर असते. घराचं अर्थिंग एकदा मोजून घ्या, ते सुधारलं तर सगळ्याच उपकरणांचं भलं होईल.

वायरबद्दल थोडक्यात. टॉवरना तांब्याची अडीच एमएमची वायर पुरते. १० मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.१४ ओहम होतो. सराउंडना दीड एमएम चालेल. यापुढे वायरवर खर्च करू नका. सुताराने केलेल्या बंद टीव्ही युनिटमध्ये रिसीव्हर कोंबला असेल तर मागची फळी कापून घ्या आणि वर वीतभर जागा सोडा. तुमचा रिसीव्हर बंद पडण्यात उष्णतेचाही हात असू शकतो.

जुना अ‍ॅम्प तपासणीत नापास झाला तर काय घ्यायचं? ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १८० ते २०० वॅट देणारा, २६ ते २९ डेसिबल गेनचा, दोन चॅनेलचा पॉवर अ‍ॅम्प. ४ ओहमचा आकडा ८ ओहमच्या दुप्पटीजवळ जात असेल तर त्याचा वीजपुरवठा दमदार आहे असं समजा. स्टेजवरचे व्यावसायिक अ‍ॅम्पही चालतात आणि पैशांच्या मानाने त्यांत शक्ती भरपूर असते. फक्त त्यांच्या आतल्या पंख्याचा आवाज खोलीत बसून ऐका आणि इनपुट सेन्सिटिव्हिटी जुळते का ते बघा. क्राउनच्या एक्सएलएस मालिकेत ०.७७५ आणि १.४ व्होल्ट अशी निवड असते. रिसीव्हरबरोबर मी १.४ वर ठेवतो, फुसफुस कमी येते. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत बोर्ड घेऊन असेंबल केलेला अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा (किती वीज पेलणारा) आहे ते विचारा आणि उचलून वजन बघा. ३०० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन्ही चॅनेलना सलग २००-२०० वॅट निघू शकत नाहीत, बोर्डवर काहीही छापलेलं असो.

सेंटरही बाहेरच्या अ‍ॅम्पवर न्यावा का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, कारण संवाद जवळजवळ सगळे तिथूनच येतात. तुमचा सेंटर ९० डेसिबलचा आणि ८ ओहमचा आहे. टॉवरचं ओझं उतरल्यावर रिसीव्हरचा सगळा पुरवठा त्याच्यासाठी आणि सराउंडसाठी मोकळा राहतो. तोही ४ ओहमचा असता तर मी तीन चॅनेलचा अ‍ॅम्प सुचवला असता.

जोडून झालं की आधी रिसीव्हर चालू करा, मग अ‍ॅम्प. बंद करताना उलट, आधी अ‍ॅम्प. नाहीतर टॉवरमधून ‘धप्प’ असा धक्का येतो. मग कॅलिब्रेशन पहिल्यापासून करा आणि त्यानंतर सेटिंग पुन्हा तपासा, कारण काही रिसीव्हर टॉवरना आपणहून ‘लार्ज’ करून टाकतात. फेजचा (जोडणी उलटी असल्याचा) इशारा आला तर टॉवरच्या मागची लाल-काळी जोडणी बघा. ती बरोबर असूनही इशारा येत असेल तर दोन्ही टॉवरवर एकदम उलटी जोडून पुन्हा मोजा, क्वचित एखादा जुना अ‍ॅम्प सिग्नल उलटा करतो.

पुढे छतात अ‍ॅटमॉसचे (डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या पद्धतीचे) स्पीकर बसवायचा विचार असेल तर या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. टॉवर बाहेर गेल्यावर रिसीव्हरमधले दोन चॅनेल मोकळे होतात. पण त्यांचा उपयोग ७.१.२ साठी (सात स्पीकर, एक सबवूफर, छतात दोन) करायचा तर रिसीव्हरला ९ चॅनेलचं प्रोसेसिंग हवं आणि मोकळे चॅनेल दुसऱ्या स्पीकरना नेमून देता यायला हवेत. सगळ्या ७.२ रिसीव्हरना हे जमत नाही. फॉल्स सीलिंगवाल्याला बोलावण्याआधी मॅन्युअलमधलं ‘अ‍ॅम्प असाइन’ चं पान वाचून घ्या.